विळा तांबडा झाला, म्हणजे नेमके काय झाले? ऑक्सिडीकरण आणि क्षपण ओळखण्याची रीत

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक कालवताना जुनीजाणती माणसे एक खूण पाहतात. एका प्लॅस्टिकच्या पिंपात मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) निळे पाणी, दुसऱ्यात चुन्याचे पांढरे पाणी. दोन्ही एकत्र झाले की त्या आकाशी, दाटसर द्रावणात लखलखीत घासलेला विळा दहाएक सेकंद बुडवायचा. पात्यावर तांबूस पूट चढले तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. विळा होता तसाच निघाला तर पंप भरायला हरकत नाही. तांबूस पूट दिसत असताना फवारणी केली तर पाने करपतात, कारण विरघळलेले तांबे अजून द्रावणात शिल्लक असते.

या एका पिंपात दोन वेगवेगळ्या अभिक्रिया आहेत. मोरचूद आणि चुना यांची एक, मोरचूद आणि विळा यांची दुसरी. यातल्या एकीत ऑक्सिडीकरण-क्षपण आहे, दुसरीत त्याचा मागमूसही नाही. शिकवणीत मी हा प्रश्न टाकतो तेव्हा बरीच मुले नेमके उलटे उत्तर देतात. चुन्यात ऑक्सिजन आहे, विळ्यात नाही, म्हणून चुन्याकडे बोट. नावातला ‘ऑक्सि’ माणसाला असा चकवतो. तेव्हा हे पिंप समोर ठेवूनच सगळी रीत पाहू.

शब्दांचा गोंधळ आधी मिटवू

ऑक्सिडीकरणाच्या तीन व्याख्या पुस्तकात भेटतात. ऑक्सिजन जोडला जाणे ही सर्वांत जुनी, अठराव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने ज्वलनाचे कोडे सोडवले तेव्हापासूनची. हायड्रोजन निघून जाणे ही दुसरी. इलेक्ट्रॉन गमावणे ही तिसरी. क्षपण म्हणजे या तिन्हींच्या उलट. पहिल्या दोन व्याख्या चुकीच्या नाहीत, पण तोकड्या आहेत. विळ्याच्या अभिक्रियेत ऑक्सिजनची वा हायड्रोजनची देवघेव नाही, तरी ती अस्सल ऑक्सिडीकरण-क्षपण अभिक्रिया आहे. म्हणून भरवसा ठेवायचा तो तिसऱ्या व्याख्येवर.

इथे ‘क्षपण’ हा शब्द मुलांना खटकतो, आणि खटकणे रास्तच आहे. क्षपण म्हणजे घट, क्षय. मग इलेक्ट्रॉन *मिळाल्यावर* घट कसली? उत्तर आपल्याच भाषेत दडलेले आहे. इलेक्ट्रॉनवरचा भार ऋण, आणि ऋण म्हणजे कर्ज. एका अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला म्हणजे एका रुपयाचे कर्ज घेतले. त्याच्या खात्यातली शिल्लक एकाने उतरली. हेच क्षपण. ज्याने आपले ऋण दुसऱ्याच्या गळ्यात घातले त्याची शिल्लक एकाने चढली. हे ऑक्सिडीकरण. या शिल्लकेलाच ऑक्सिडीकरण अंक म्हणतात. अंक चढला की ऑक्सिडीकरण, उतरला की क्षपण.

कर्ज घेणारा असल्याशिवाय देणारा नसतो, त्यामुळे या दोन क्रिया कायम जोडीनेच घडतात. एकटे ऑक्सिडीकरण सापडले तर समजायचे की आपण काहीतरी पाहायचे विसरलो.

आणखी एक जोडी परीक्षेत गुण खाते: ऑक्सिडक आणि क्षपणक. जो दुसऱ्याचे क्षपण करतो तो क्षपणक, आणि ते करताना त्याचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होते. ऑक्सिडकाचे क्षपण होते. ‘कोणाचे काय झाले’ आणि ‘कोणी काय केले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रश्नपत्रिकेत नेमके कोणते विचारले आहे ते दोनदा वाचा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांना अकरावीत हीच मंडळी ऑक्सिडेशन, रिडक्शन, ऑक्सिडायझिंग एजंट, रिड्यूसिंग एजंट या नावांनी भेटतात. माणसे तीच, नावे नवी.

अंक कसे लावायचे

नियम पाठ करण्यापेक्षा त्यांचा क्रम ध्यानात ठेवा. दोन नियमांची टक्कर झाली तर यादीत वर असलेला जिंकतो.

१. मोकळे मूलद्रव्य असेल तर अंक ०. विळ्यातले लोखंड, हवेतला ऑक्सिजन, गंधकाची पूड, पारा, सगळे शून्य. रेणूत कितीही अणू असोत.

२. एकाच अणूचा आयन (भारित कण) असेल तर त्याचा भार हाच त्याचा अंक. रेणूतल्या सर्व अंकांची बेरीज शून्य आणि अनेक अणूंच्या आयनातली बेरीज त्या आयनाच्या भाराइतकी यायलाच हवी.

३. संयुगात सोडिअम, पोटॅशिअम यांच्या गणाचे धातू +१, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम यांच्या गणाचे +२, अॅल्युमिनिअम +३. फ्लुओरिन नेहमी −१.

४. हायड्रोजन +१. मात्र सोडिअम हायड्राइडसारख्या धातूच्या हायड्राइडमध्ये −१. सोडिअम +१ वरून हटत नाही, म्हणून हायड्रोजनला खाली यावे लागते.

५. ऑक्सिजन −२. अपवाद पेरॉक्साइडचा: तिथे −१. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये २ हायड्रोजन मिळून +२, म्हणून २ ऑक्सिजन मिळून −२, प्रत्येकी −१. हा अपवाद वेगळा पाठ करावा लागत नाही, क्रम पाळला की आपोआप येतो. फ्लुओरिनशी गाठ पडली तर ऑक्सिजन चक्क धन होतो.

६. क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन बहुधा −१, पण ऑक्सिजनसोबत असतील तर बेरजेवरून काढा.

उरलेले मूलद्रव्य नेहमी बेरजेवरून. पोटॅशिअम परमँगनेट घ्या: १ पोटॅशिअम (+१), ४ ऑक्सिजन (−८), १ मँगनीज. बेरीज शून्य हवी, म्हणून मँगनीज +७. पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये २ पोटॅशिअम (+२), ७ ऑक्सिजन (−१४), २ क्रोमिअम. दोन क्रोमिअम मिळून +१२, प्रत्येकी +६. शेवटी भागायचे विसरून +१२ लिहिणारे दर वर्षी दोनचार तरी निघतात.

दोन ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. अमोनिअम नायट्रेटमध्ये नायट्रोजनचे दोन अणू आहेत. सरळ बेरीज मांडली तर प्रत्येकी +१ येतो आणि तो फसवा आहे, कारण ते दोन अणू वेगवेगळ्या घरात राहतात. आयन वेगळे करा: अमोनिअममधला नायट्रोजन −३, नायट्रेटमधला +५. तसेच चुंबकीय लोह ऑक्साइड, ३ लोह आणि ४ ऑक्सिजन. लोहाचा अंक ८/३ येतो. अंक अपूर्णांकात आला की घाबरू नका, ती सरासरी आहे. त्या तीनांपैकी एक लोह +२ आहे आणि दोन +३.

आता पिंपाकडे

समीकरण लिहा, प्रत्येक मूलद्रव्याच्या डोक्यावर अंक मांडा, बाणाच्या दोन्ही बाजू ताडून पाहा. ज्याचा अंक चढला त्याचे ऑक्सिडीकरण, ज्याचा उतरला त्याचे क्षपण, कोणाचाच हलला नाही तर ती अभिक्रिया या जातीचीच नाही. पेन्सिलने अंक लिहायचा कंटाळा करू नका. तोंडी हिशेब करणारेच चुकतात.

पहिली अभिक्रिया, सोप्या रूपात:

कॉपर सल्फेट + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शिअम सल्फेट

तांबे आधी +२, नंतर +२. कॅल्शिअम +२, +२. गंधक +६, +६. ऑक्सिजन −२, हायड्रोजन +१, दोन्हीकडे तेच. आयनांनी फक्त जोडीदार बदलले. प्रत्यक्षात मिश्रणात तयार होणारी तांब्याची संयुगे यापेक्षा गुंतागुंतीची असतात, पण तांब्याचा अंक त्यातही +२ च राहतो. ऑक्सिडीकरण नाही, क्षपण नाही.

दुसरी:

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

लोखंड ० वरून +२, म्हणून ऑक्सिडीकरण. तांबे +२ वरून ०, म्हणून क्षपण. सल्फेट नुसता बघ्या. लोखंडाने आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याला दिले. स्वतः हिराकस (फेरस सल्फेट) होऊन पाण्यात उतरले आणि तांबे विळ्यावर येऊन बसले. लोखंड हा क्षपणक, मोरचुदातला तांब्याचा आयन हा ऑक्सिडक. मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये म्हणतात ते याचसाठी: विळ्याला जे दहा सेकंदांत होते तेच भांड्याला होत राहते, आणि औषधातले तांबे भांड्यालाच चिकटते.

चुना पुरेसा पडला की तांबे हायड्रॉक्साइडच्या रूपात साक्याप्रमाणे खाली बसते, द्रावणात मोकळा आयन जवळपास उरत नाही, मग विळ्याला इलेक्ट्रॉन द्यायला गिऱ्हाईकच मिळत नाही. म्हणजे पहिली, ऑक्सिडीकरण नसलेली अभिक्रिया पुरी झाली की नाही, हे शेतकरी दुसऱ्या, ऑक्सिडीकरण असलेल्या अभिक्रियेने तपासतो. प्रयोगशाळेतल्या कसोट्या याहून फार वेगळ्या नसतात.

नजरेने ओळखायची खूण

बाणाच्या एका बाजूला एखादे मूलद्रव्य मोकळे आणि दुसऱ्या बाजूला तेच संयुगात अडकलेले दिसले, की अंक न मांडता सांगा: ऑक्सिडीकरण-क्षपण. शून्यावरून हलल्याशिवाय मोकळे मूलद्रव्य संयुगात जाऊच शकत नाही. गॅसची शेगडी, गंजणारे फाटक, जस्ताच्या तुकड्यावर आम्ल ओतल्यावर उठणारा हायड्रोजन, रुळांचे सांधे जोडताना अॅल्युमिनिअम आणि लोह ऑक्साइड पेटवून केलेले थर्मिट वेल्डिंग, सगळी या एका खुणेत सापडतात. दुहेरी विस्थापन आणि आम्ल-आम्लारी उदासिनीकरण यांत मात्र ही खूण कधीच सापडणार नाही.

अपघटन हा प्रकार दोन्ही दगडांवर पाय ठेवतो. चुनखडी भाजून कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतो तेव्हा कॅल्शिअम +२, कार्बन +४, ऑक्सिजन −२. भट्टी धडाडून पेटली तरी चुनखडीचा एकही अंक हलत नाही. (भट्टीतल्या कोळशाचा हलतो, तो भाग वेगळा.) पण मर्क्युरिक ऑक्साइड तापवले तर पारा आणि ऑक्सिजन मोकळे होतात, आणि ते अस्सल ऑक्सिडीकरण-क्षपण आहे.

जिथे हमखास पाय घसरतो

*उष्णता.* कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की ते उकळायला लागते. एवढी धग म्हणजे काहीतरी जळत असणार, असे वाटते. अंक मांडा: काहीच बदललेले नाही. धग हा पुरावा नव्हे.

*रंग.* पिवळ्या क्रोमेटमध्ये आम्ल घातले की नारिंगी डायक्रोमेट होते. क्रोमिअम आधी +६, नंतरही +६. पांढरे निर्जल कॉपर सल्फेट पाणी पिऊन निळे होते, तांबे +२ च. पण तेच नारिंगी डायक्रोमेट अल्कोहोलसोबत हिरवे झाले तर क्रोमिअम +६ वरून +३ वर उतरलेले असते. रंग बदलला म्हणजे अंक तपासायचे निमित्त मिळाले, उत्तर नव्हे.

*ऑक्सिजन वाढला.* हा सर्वांत धूर्त सापळा. सल्फर ट्रायऑक्साइड पाण्यात मिसळून सल्फ्युरिक आम्ल होते. गंधकाला आधी ३ ऑक्सिजन होते, आता ४ आहेत. जुन्या व्याख्येने ऑक्सिडीकरण! पण गंधक आधीही +६, नंतरही +६. आलेला ऑक्सिजन आपल्यासोबत दोन हायड्रोजन घेऊन आला आणि हिशेब बरोबर झाला. अमोनियाचा अमोनिअम आयन होतो तेव्हा हायड्रोजन वाढतो, तरी नायट्रोजन −३ वरच. जुन्या दोन व्याख्या तोकड्या का, ते इथे कळते.

*तांब्याचा हंडा.* हवेत तांबे काळवंडते, कॉपर ऑक्साइड होते: ० वरून +२, ऑक्सिडीकरण. मग आपण चिंचेने घासतो आणि हंडा लख्ख होतो. म्हणजे क्षपण झाले, ऑक्साइडचे पुन्हा तांबे झाले? नाही. चिंचेतले आम्ल त्या काळ्या थराला विरघळवून नेते. तांबे +२ होते, +२ च राहून मोरीत जाते. खाली दिसते ते आधीपासून असलेले तांबे. दर घासणीला हंडा किंचित पातळ होतो, याचा अर्थ तोच.

*एकच मूलद्रव्य, दोन वाटा.* थंड, विरल कॉस्टिक सोड्यात क्लोरिन सोडला की सोडिअम क्लोराइड आणि सोडिअम हायपोक्लोराइट मिळते, कपड्यांच्या ब्लीचमधले तेच. क्लोरिन ० वरून एकीकडे −१, दुसरीकडे +१. ऑक्सिडक कोण, क्षपणक कोण? दोन्ही क्लोरिनच. एका अणूने दुसऱ्याला कर्ज दिले. याला डिसप्रपोर्शनेशन म्हणतात. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो तिथेही तेच: ऑक्सिजन −१ वरून काही अणू −२ (पाणी), काही ०.

ओळखले, आता ताळेबंद

अंकांचा खरा उपयोग समीकरण संतुलित करताना होतो. बारावीच्या प्रात्यक्षिकातले अनुमापन (टायट्रेशन) घ्या: ब्युरेटमध्ये परमँगनेट, चंबूत फेरस आयन आणि विरल सल्फ्युरिक आम्ल.

मँगनीज +७ वरून +२: पाच इलेक्ट्रॉन घेतले. लोह +२ वरून +३: एक इलेक्ट्रॉन दिला. दिलेले आणि घेतलेले सारखे हवेत, म्हणून एका परमँगनेटमागे पाच फेरस आयन. परमँगनेटमधल्या ४ ऑक्सिजनचे ४ पाणी होणार, त्याला ८ हायड्रोजन आयन लागणार.

१ परमँगनेट + ५ फेरस + ८ हायड्रोजन आयन → १ मँगनस + ५ फेरिक + ४ पाणी

पडताळा भारावरून घ्या. डावीकडे −१ + १० + ८ = +१७. उजवीकडे +२ + १५ = +१७. भार जुळला नाही तर अणू जुळूनही समीकरण चूक असते.

चंबूत सल्फ्युरिकच का? सल्फेटमधला गंधक +६ वर आहे, म्हणजे त्याच्या चढाईच्या टोकाला; त्याचे आणखी ऑक्सिडीकरण होणार नाही, आणि विरल असताना तो कोणाचे करतही नाही. हायड्रोक्लोरिक घेतले तर परमँगनेट क्लोराइडचाही क्लोरिन करू लागते आणि ब्युरेटचे वाचन फुगते. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडक, ते फेरसवर परस्पर हात मारते. अंक कुठल्या टोकाला आहे यावरून पदार्थाचा स्वभाव सांगता येतो: टोकाला चढलेला फक्त उतरू शकतो, तळाला असलेला फक्त चढू शकतो, मधला दोन्ही.

कार्बनी संयुगांत सरासरी काढण्यापेक्षा त्या त्या कार्बनकडे पाहा. प्रत्येक हायड्रोजनसाठी −१, ऑक्सिजनच्या प्रत्येक बंधासाठी +१, शेजारच्या कार्बनसाठी ०. गोव्यात माडाची सूर आंबवून व्हिनेगर करतात, त्यात इथेनॉलचे ॲसिटिक आम्ल होते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन लागलेल्या कार्बनला २ हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा एक बंध: −१. आम्लात त्याच कार्बनला ऑक्सिजनचे तीन बंध: +३. चार इलेक्ट्रॉन गेले. त्याच्या शेजारचा कार्बन −३ वर होता, तिथेच राहिला.

हात बसावा म्हणून

खालची उदाहरणे आधी झाकून सोडवा, मग पुढचे वाचा.

खाण्याचा सोडा तापवला: सोडिअम कार्बोनेट, पाणी, कार्बन डायऑक्साइड. कार्बन दोन्हीकडे +४. नाही.

लेड नायट्रेट तापवले: लेड ऑक्साइड, तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड, ऑक्सिजन. शिशाकडे पाहून फसू नका, ते +२ वरच आहे. नायट्रोजन +५ वरून +४, क्षपण. काही ऑक्सिजन −२ वरून ०, ऑक्सिडीकरण. देणारा आणि घेणारा एकाच संयुगात.

काळवंडलेले पैंजण अॅल्युमिनिअमच्या भांड्यात गरम सोड्याच्या पाण्यात बुडवले: सिल्व्हर सल्फाइडमधली चांदी +१ वरून ०, अॅल्युमिनिअम ० वरून +३. हंड्यासारखा थर विरघळवला जात नाही, चांदी पैंजणावरच परत येते. चिंचेच्या रीतीशी ताडून पाहा, म्हणजे फरक कळेल.

ओझोनचा ऑक्सिजन झाला: दोन्हीकडे मोकळे मूलद्रव्य, दोन्हीकडे ०. नाही.

जुन्या तैलचित्रांतला शिशाचा पांढरा रंग हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने काळा पडतो. तो काळा लेड सल्फाइड हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढऱ्या लेड सल्फेटमध्ये बदलता येतो. शिसे +२ वर स्थिर. गंधक −२ वरून +६, म्हणजे आठ इलेक्ट्रॉन दिले. पेरॉक्साइडच्या एका रेणूत दोन ऑक्सिजन, प्रत्येक −१ वरून −२, म्हणजे एका रेणूने दोन घेतले. म्हणून एका लेड सल्फाइडला चार पेरॉक्साइड लागतात, आणि चार पाणी बाहेर पडते. आधी काळा पडताना शिशाच्या त्या रंगाचे ऑक्सिडीकरण-क्षपण झाले होते का? लेड कार्बोनेटचे लेड सल्फाइड होताना शिसे +२, कार्बन +४, गंधक −२, सगळे जागच्या जागी. नव्हते झाले.